कुणाला घेतलं ते सोडा, कुणाला विकलं ते सांगा

(जुलै २०२५ च्या अखेरीस कोल्हापुरात फुटबॉलप्रेमींसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘मँचेस्टर युनायटेडची पडझड आणि यंदाची खरेदी’. खरेदीवर बोलणार आहे, शब्द दिलाय. स्ट्रायकर कोण घ्यावा, गोलकीपर बदलावा का, मधल्या फळीचं काय करायचं, हे तिन्ही घेतो. पण त्याआधी बरीच वर्षं डोक्यात घोळणारी एक गोष्ट मला मांडू द्या.

जून उजाडला की आपण सगळे ‘कोण येणार, कोण येणार’ करत मोबाईल उघडून बसतो. माझं म्हणणं असं, की क्लबची तब्येत येणाऱ्यांवरून कळतच नाही, ती जाणाऱ्यांवरून कळते. कुणाला सोडलं, कधी सोडलं, किती पैसे घेऊन सोडलं आणि त्याच्या जागी उभा राहणारा आधीच घरात होता का? युनायटेडकडे एकेकाळी या प्रश्नांची उत्तरं होती. २०१३ नंतर ती कुणी विचारलीच नाहीत.

पडझड किती, हे या सभागृहात सांगायला नको. वीस वेळा इंग्लंडची लीग जिंकलेला क्लब, त्यातल्या तेरा २०१३ पर्यंत मॅनेजर असलेल्या एकट्या सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसनच्या. आणि परवाच्या मोसमात पंधरावा नंबर, ४२ गुण, १८ पराभव. बिल्बाओला युरोपा लीगच्या फायनलमध्ये टॉटनहॅमकडून १-० ने हार. त्या रात्री तुमच्यातले किती जण जागे होते आणि सकाळी कामावर कसे गेलात, ते मला ठाऊक आहे.

आता १९९५ चा उन्हाळा. इथल्या निम्म्यांचा जन्म नव्हता, म्हणून सावकाश सांगतो.

मे महिन्यात आठवड्याभरात दोन घाव बसले होते. लीगच्या शेवटच्या दिवशी पहिल्या नंबरवरचं ब्लॅकबर्न लिव्हरपूलकडून हरलं, म्हणजे दार सताड उघडं होतं. युनायटेडला वेस्ट हॅमच्या मैदानावर फक्त जिंकायचं होतं. सामना १-१ सुटला आणि एका गुणाने लीग गेली. पुढच्याच शनिवारी एफए कपच्या फायनलला एव्हर्टनने १-० ने हरवलं. युनायटेडचा हुकमी खेळाडू कँटोना, त्याने जानेवारीत सेलहर्स्ट पार्कवर प्रेक्षकाला लाथ घातली होती, त्यामुळे तो सप्टेंबर संपेपर्यंत बंदीत. अशा वेळी कुठलाही मॅनेजर पैसे घेऊन बाजारात धावेल. फर्ग्युसनने काय केलं? पॉल इन्स इंटर मिलानला दिला. मार्क ह्यूज चेल्सीला गेला. आंद्रेई कांचेल्स्कीस, म्हणजे त्या मोसमात संघासाठी सगळ्यात जास्त गोल केलेला माणूस, एव्हर्टनला गेला. आणि बदल्यात मोठी खरेदी एकही नाही.

मँचेस्टर पेटलं. तिथल्या ‘मँचेस्टर इव्हनिंग न्यूज’ने वाचकांचा कौल घेतला: फर्ग्युसनला काढावं का? बहुमत निघालं ‘हो’. दोनदा लीग जिंकून दिलेल्या माणसाबद्दल हा कौल आहे, लक्षात घ्या. मोसमाचा पहिला सामना व्हिला पार्कवर. मध्यंतराला अ‍ॅस्टन व्हिला ३-० पुढे. उत्तरार्धात बदली म्हणून आलेल्या बेकहॅम नावाच्या पोराने एक गोल केला, एवढंच समाधान. त्या रात्री बीबीसीवर समीक्षक अ‍ॅलन हॅन्सनने पोरासोरांना घेऊन काही जिंकता येत नसतं अशा अर्थाचं ते प्रसिद्ध वाक्य टाकलं.

जानेवारीत न्यूकॅसल बारा गुणांनी पुढे होतं. आणि मग ४ मार्च १९९६ ची संध्याकाळ, न्यूकॅसलचं मैदान सेंट जेम्स पार्क. पूर्वार्धात न्यूकॅसलने नुसता मारा केला. लेस फर्डिनंड समोरून फटके हाणतोय आणि युनायटेडचा गोलकीपर पीटर श्मायकल कधी हाताने, कधी पायाने, कधी छातीने चेंडू परत फेकतोय. पहिला अर्धा तास युनायटेड जिवंत राहिलं ते त्याच्यामुळे. उत्तरार्ध सुरू होऊन काही मिनिटंच झाली होती. डाव्या बाजूने चेंडू आला आणि लांबच्या खांबाजवळ मोकळा उभा असलेल्या कँटोनाने तो जमिनीवर आपटेल असा मारला, गोल. १-०. आता मला सांगा, तो क्रॉस टाकला कुणी? फिल नेव्हिलने. वय १९. अकादमीतला, म्हणजे क्लबनेच लहानपणापासून घडवलेला पोरगा. लीगही आली, एफए कपही आला.

फर्ग्युसन धाडसी होता म्हणून हे झालं असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही, त्यात हिशेब होता. इन्सच्या जागेवर खेळू शकेल असा निकी बट दारात उभा होता. कांचेल्स्कीसच्या उजव्या बाजूला बेकहॅम होता. ह्यूजच्या मागे स्कोल्स. बट, बेकहॅम, गॅरी नेव्हिल यांनी १९९२ मध्ये क्लबला यूथ कप, म्हणजे युवा संघांची स्पर्धा, जिंकून दिला होता. फर्ग्युसनने तीन वर्षं ती पोरं रोज पाहिली होती, मग दार उघडलं. आणि याच माणसाचं हे गणित एकदा जबरदस्त चुकलंही. २००१ मध्ये याप स्टाम लॅझिओला विकला, त्याच्या जागी ३५ वर्षांचा लॉराँ ब्लाँ आणला आणि त्या मोसमात लीगमध्ये तिसरा नंबर आला. पुढे त्याने स्वतः ते मान्य केलं. घरात माणूस नसताना विकलं की काय होतं, ते तिथे दिसतं.

कोल्हापूरकरांना हे वेगळं समजवायला नको. आपल्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचे; एखादा पोरगा तालीम सोडून दुसऱ्या तालमीकडून रजिस्टर झाला की पेठेत आठवडाभर दुसरा विषय नसतो. नवा कोण आला यापेक्षा गेला कोण, याचीच चर्चा. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसलेली म्हातारी माणसंसुद्धा संघाची मापं तशीच काढतात. म्हणून मला हे पुण्या-मुंबईपेक्षा इथं बोलायचं होतं.

(सभागृहातून: “ग्लेझर घालवा, सगळं सरळ होतंय!”)

बरं झालं बोललात. ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये क्लब घेतला तो कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. सामना बघायला येणाऱ्याच्या तिकिटातून व्याज गेलं. २००९ मध्ये रोनाल्डो रिअल माद्रिदला ८ कोटी पौंडांना गेला, तेव्हाचा जागतिक विक्रम, आणि त्याच्या जागी तोलामोलाचं कुणी आलं नाही. पुढच्या मोसमात चेल्सीने एका गुणाने लीग नेली. माझा याबद्दलचा राग तुमच्याइतकाच आहे. मालकाच्या मर्जीवर क्लब असला की काय होतं, ते आपण मुंबईत पाहिलंय. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली आणि २०१० मध्ये क्लब बंद झाला. मैदानावर हरला म्हणून नव्हे, मालकांनी ठरवलं म्हणून. कूपरेजवर लाल झेंडे घेऊन जाणारी माणसं कुठं गेली, कुणी विचारलं नाही. पण ओल्ड ट्रॅफर्डला, म्हणजे युनायटेडच्या घरी, २०१३ नंतर पैसे कमी पडले असं म्हणता येत नाही. पैसे ओतले. प्रश्न आहे ओतून काय केलं.

२०१४ चा उन्हाळा. आंखेल दि मारिया जवळपास ६ कोटी पौंडांना, तेव्हाचा ब्रिटनमधला विक्रम. वर्षभरात पॅरिसला, तोट्यात. त्याच बाजारात शेवटच्या दिवशी फाल्काओ उसना आणला आणि लहानपणापासून क्लबमध्ये वाढलेला डॅनी वेलबेक आर्सेनलला १ कोटी ६० लाखांना दिला. फाल्काओने चार गोल केले. पोग्बा २०१२ मध्ये जवळपास फुकट युव्हेंटसला गेला, २०१६ मध्ये ८ कोटी ९० लाख पौंड मोजून परत आणला आणि २०२२ मध्ये पुन्हा फुकट युव्हेंटसलाच गेला. व्हान डी बेक २०२० मध्ये ३ कोटी ९० लाख युरोंना घेतला, बाकावर बसवून ठेवला, २०२४ मध्ये जिरोनाला दिला तेव्हा हातात सुरुवातीला आले ५ लाख युरो! आणि दि गेयासारखा गोलकीपर बारा वर्षं खेळून फुकट गेला. ही नावं घेताना मला त्रास होतो. यातल्या प्रत्येकाच्या नावाचा टी-शर्ट इथं कुणी ना कुणी घातलेला आहे.

असं का होतं, त्यामागे वहीखात्याचं एक कारण आहे. खेळाडू ८ कोटींना घेतला आणि पाच वर्षांचा करार केला, तर वहीत दरवर्षी १ कोटी ६० लाख खर्च धरला जातो. दोन वर्षांनी त्याची वहीतली किंमत उरते ४ कोटी ८० लाख. तो खेळत नाही, बाजारात त्याला अडीच कोटीही येत नाहीत. आज विकला तर सव्वादोन कोटींहून जास्त तोटा याच वर्षी दाखवावा लागतो. मग साहेब लोक म्हणतात, राहू दे, पुढच्या वर्षी बघू. त्यात पगार इतका दिलेला असतो की दुसरा क्लब तो द्यायला तयार नसतो, आणि खेळाडू तरी का सोडेल? आता प्रीमियर लीगचा नियम येतो: तीन वर्षांत तोटा साडेदहा कोटी पौंडांच्या आत ठेवा. तो भरून काढायचा कसा? अकादमीतून आलेल्या पोराची वहीतली किंमत शून्य असते, म्हणून त्याला विकलं की येईल तो सगळा नफा. चुकीच्या खरेदीचं बिल अशा रीतीने घरच्या पोराच्या नावावर फाटतं. स्कॉट मॅकटॉमिने गेल्या वर्षी अडीच कोटींच्या आसपास नापोलीला गेला. या मे महिन्यात नापोलीने इटलीची लीग जिंकली, शेवटच्या सामन्यात त्याने हवेत झेपावून गोल केला आणि मोसमातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. मला त्याच्यासाठी आनंद झाला आणि क्लबसाठी रडू आलं.

मॅनेजर बदलले, प्रत्येकाने आपल्या पसंतीची माणसं आणली, पुढच्याला ती नको होती. आणि मध्ये बसून ‘नाही’ म्हणणारा माणूस? फुटबॉल डायरेक्टर हे पद युनायटेडने भरलं मार्च २०२१ मध्ये. फर्ग्युसन गेल्यावर तब्बल आठ वर्षांनी. पुढे २०२४ मध्ये याच धर्तीच्या पदावर डॅन अ‍ॅशवर्थला त्याच्या आधीच्या क्लबशी महिनोनमहिने भांडून आणलं आणि पाच महिन्यांत घालवलं.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं राहिली म्हणून. ठीक आहे, यंदाचं घेतो, भराभर.

आधी विक्री. रॅशफर्ड, गार्नाचो, सांचो, अँटनी, मालासिया या पाच जणांना जायचंय, म्हणून त्यांना बाकीच्या संघापासून वेगळं ठेवलं आणि ते साऱ्या जगाला कळलं. बाजार उठायच्या वेळी मेथीच्या जुड्या घेऊन बसलेल्याला गिऱ्हाईक काय भाव देणार? सांचोसाठी चेल्सीने ५० लाखांचा दंड भरला पण त्याला घेतलं नाही. रॅशफर्ड बार्सिलोनाला उसना गेला. २०२२-२३ मध्ये त्याने तीस गोल केले, त्या उन्हाळ्यात त्याला विकायचा विचार कुणी बोलूनही दाखवला नाही. तुम्हीही मला तेव्हा इथून हाकलून दिलं असतंत. पण भाव तेव्हाच होता.

खरेदी. कुन्या आणि म्ब्वेमो आलेत, दोन्ही खरेदी मला पसंत आहेत. एकाने लीगमध्ये १५ गोल केलेत, दुसऱ्याने २०, तेही लहान क्लबांकडून खेळून. अख्ख्या युनायटेडने ४४ केले होते. स्ट्रायकर हवाच, कारण आत्ताचा स्ट्रायकर हॉयलुंड, त्याचे लीगमधले गोल चार. नावं दोन ऐकतोय, लाइपझिगचा शेश्को आणि व्हिलाचा वॉटकिन्स. वॉटकिन्स आज चांगला आहे, पण २९ वर्षांचा. तीन वर्षांनी त्याला कोण घेणार? शेश्को २२ चा आहे. जमला तर दहा वर्षं, नाही जमला तरी पंचविशीत गिऱ्हाईक मिळेल. शेश्को घ्या. गोलकीपरचंही तेच. आत्ताच्या गोलकीपरच्या, ओनानाच्या चुका आपण लियॉनला पाहिल्या, बदल हवा. पण ३२ वर्षांच्या एमिलियानो मार्टिनेझवर थैली रिकामी करू नका. त्याने विश्वचषक जिंकलाय, अर्जेंटिनावाल्यांनो रागावू नका. विशीतला कुणीतरी आणा.

राहिली मधली फळी. कासेमिरो तिशीत असताना ६ कोटींना घेतला, आता तो ३३ चा आहे. नवा माणूस लागणार हे खरं. पण त्यासाठी पैसे उभे करायला कोबी मेनूचं नाव पुढे येईल अशी मला भीती वाटते. तो २० वर्षांचा आहे, लहानपणापासून क्लबमध्ये आहे, वहीतली किंमत शून्य. २०२४ च्या एफए कप फायनलला मँचेस्टर सिटीविरुद्धचा दुसरा गोल त्याचा. एप्रिलमध्ये लियॉनविरुद्ध १२० व्या मिनिटाला बरोबरी केली तीही त्याने. ऑक्टोबर १९३७ पासून युनायटेडच्या प्रत्येक सामन्याच्या संघात अकादमीतून आलेला किमान एक खेळाडू आहे. महायुद्ध झालं, म्युनिकला संघाच्या विमानाला अपघात झाला, दुसऱ्या डिव्हिजनमध्ये जाऊन आले, तरी हे तुटलं नाही. मेनूला विकून त्या पैशातून कुणाला आणला, तर तो कितीही मोठा खेळाडू असो, मी त्याच्या नावाची जर्सी घेणार नाही.

प्रश्न विचारा आता. मागच्या रांगेतल्या दादांचा हात मघापासून वर आहे.