लुआंग प्राबांग : पहाटे उठणाऱ्यांचं शहर

(दृश्य : फू सी टेकडीवरून दिसणारा नद्यांचा संगम)

लाओसच्या उत्तर भागात मेकाँग आणि नाम खान या नद्या एकमेकींना भेटतात. त्यांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवर हे जुनं शहर वसलंय. १३५३ मध्ये फा न्गुम राजाने लान झांगच्या राज्याचा पाया इथे घातला. १५६० मध्ये राजधानी व्हिएंतियानला हलली, पण १७०७ मध्ये लान झांग फुटल्यावर इथे पुन्हा वेगळी गादी आली आणि राजेशाही संपली ती थेट १९७५ मध्ये. १९९५ पासून हे युनेस्कोचं जागतिक वारसास्थळ आहे. जुना भाग पायीच पाहून होतो, पण म्हणून एका दिवसात उरकू नका. निदान तीन मुक्काम ठेवाच.

(दृश्य : पहाटेचा रस्ता, भिक्षूंची रांग)

पहिली गोष्ट, गजर लवकरचा लावा. उजाडता उजाडता भगव्या वस्त्रांतले भिक्षू अनवाणी, एका रांगेत, भिक्षापात्र खांद्याला अडकवून निघतात. याला ‘ताक बात’ म्हणतात. घरोघरच्या बायका चटईवर गुडघे टेकून बसलेल्या असतात. शेजारी बांबूची टोपली, तिच्यात वाफाळता चिकट भात. प्रत्येक पात्रात चिमूटभर भात पडतो, कुणी एक शब्द बोलत नाही. रस्त्याकडेला टोपल्या घेऊन बसलेल्या गरीब मुलांना काही भिक्षू त्यातलाच थोडा भात देऊन पुढे जातात.

इथेच पाहुण्यांकडून सगळ्यात जास्त चुका होतात. कुणी फ्लॅश मारतं, कुणी सेल्फीसाठी रांगेत घुसतं. हे पाहून फार वाईट वाटतं, कारण हा कार्यक्रम नाही, लोकांची रोजची उपासना आहे. रस्त्याच्या पलीकडे उभे राहा, खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या, फ्लॅश बंद ठेवा. भिक्षा घालायची असेल तर आदल्या दिवशी गेस्टहाउसच्या मालकिणीला सांगून ताजा भात मागवा. रस्त्यावर पर्यटकांना विकला जाणारा भात नको. बायकांनी भिक्षूंना स्पर्श होणार नाही याची काळजी घ्यावी.

(दृश्य : वाट झिएंग थोंग)

मग ऊन चढायच्या आत वाट झिएंग थोंग गाठा (लाओ भाषेत ‘वाट’ म्हणजे मंदिर). सेत्ताथिरात राजाने सोळाव्या शतकात बांधलेलं हे मंदिर. छपरं एकावर एक, उतरत उतरत जवळजवळ जमिनीला टेकलेली. मागच्या भिंतीवर रंगीत काचांचा वृक्ष आहे, तो चुकवू नका. विसाव्या शतकातल्या सिसावांग वोंग राजाचा अंत्यरथ ठेवलेल्या दालनाच्या दारांपाशी तर जरा थांबाच. त्या सोनेरी कोरीवकामात रामायण आहे. इथे रामाला ‘फ्रा लाम’ आणि लक्ष्मणाला ‘फ्रा लाक’ म्हणतात. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट इतक्या दूर, वेगळ्या मुकुटांत आणि वेगळ्या चेहऱ्यांत भेटते तेव्हा खरोखर भरून येतं.

राजवाड्याच्या संग्रहालयात चपला बाहेर काढाव्या लागतात आणि आत फोटोला परवानगी नाही. दुपारी ते काही वेळ बंद असतं, म्हणून सकाळीच जा.

(दृश्य : रात्रीचा बाजार)

जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी मंडळींनी सावध राहावं. नुसत्या भाज्यांच्या पदार्थातही माशाचा सॉस असतो. ‘बो साय नाम पा’, म्हणजे माशाचा सॉस घालू नका, एवढं पाठ करून ठेवा. चिकट भात हाताने खायचा, त्याची छोटी गोळी करून चटणीत बुडवायची. भाजलेल्या टोमॅटोची चटणी आपल्या जिभेला लगेच पटते.

कधी जावं? नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. मार्च-एप्रिलमध्ये डोंगरांवर शेतीसाठी रान जाळतात, त्या धुराने समोरचा काठही पुसट होतो आणि दम्याच्या रुग्णांना त्रास होतो. एप्रिलच्या मध्यावर लाओ नववर्ष येतं. तेव्हा अंगावर पाणी पडणारच, फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

(दृश्य : रेल्वे स्थानक)

व्हिएंतियानहून पूर्वी घाटातून अख्खा दिवस मोडायचा. डिसेंबर २०२१ मध्ये रेल्वे सुरू झाली आणि हे अंतर साधारण दोन तासांवर आलं. तिकिटं झपाट्याने संपतात, आधीच काढा. स्थानक शहराबाहेर आहे, तिथून सामायिक व्हॅन मिळते. सुरी, कात्री, डिओडरंटचा स्प्रे तपासणीत काढून घेतात, त्यामुळे बॅग भरतानाच ते बाजूला ठेवा.