नसांची आग आणि शरीरातली स्टेरॉइडं

नागीण बरी होऊन वर्ष उलटलं. पुरळ गेलं, डागही फिकटले. पण अंगातला कपडा नुसता घासला तरी बरगडीवर आग होते. तपासणाऱ्याला कातडीवर काही दिसत नाही आणि जवळची माणसं म्हणतात, ‘मनाचे खेळ!’ असं म्हणणं हा त्या माणसावर अन्याय आहे. दुखण्याची खबर पोचवणारी नसच इथे दुखावलेली असते.

(पडद्यावर: मज्जारज्जूचा आडवा छेद)

नसांकडून आलेली खबर मेंदूकडे जाण्याआधी मज्जारज्जूत तपासली जाते. तिथे गॅबा नावाचं रसायन पहारा देतं. नस दुखावली की हा पहारा ढिला पडतो आणि साधा स्पर्शही वेदना होऊन पुढे सरकतो.

आता स्टेरॉइडं. हा शब्द ऐकला की दम्याची औषधं आठवतात, नाहीतर पिळदार दंड. पण कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन ही सगळी स्टेरॉइडंच. शरीर ती कोलेस्टेरॉलपासून घडवतं. हे काम फक्त ग्रंथींचं, असं फार काळ मानलं जाई. १९८१ साली फ्रेंच शास्त्रज्ञ एत्येन-एमिल बोलिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उंदरांच्या मेंदूत असं एक स्टेरॉइड सापडलं, जे ग्रंथी काढून टाकल्यावरही तिथे टिकून होतं. म्हणजे मेंदू ते स्वतः बनवत असावा! पुढे १९९५ मध्ये त्यांच्याच गटाने दाखवलं, की नसांवर मायलिनचं वेष्टण चढवणाऱ्या श्वान पेशी प्रोजेस्टेरॉन तयार करतात. ते अडवलं, तर दुखावलेल्या नसेवर नवं वेष्टण नीट चढत नाही. या साऱ्या विषयात मला सर्वांत हेलावून जाते ती हीच गोष्ट. चिरडलेली नस आपल्या डागडुजीचं सामान जागच्या जागी घडवत असते.

याच प्रोजेस्टेरॉनपासून दोन पायऱ्यांत ॲलोप्रेग्नॅनोलोन बनतं. ते गॅबाच्या रिसेप्टरवर (पेशीवर गॅबा जिथे येऊन चिकटतं त्या जागेवर) बसून गॅबाचा जोर वाढवतं, पहारा पुन्हा कडक होतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने वेदना उतरलेली दिसली आहे.

कॉर्टिसॉलची गोष्ट इतकी सरळ नाही. त्याच्या जातीची औषधं सूज उतरवतात, म्हणून दबलेल्या नसेजवळ स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. आराम मिळाला तर तो बहुधा काही आठवड्यांचा. उलट उंदरांत नसेला इजा झाल्यावर मज्जारज्जूत कॉर्टिसॉलसारख्या हार्मोनचे रिसेप्टर वाढतात आणि तेच वेदना भडकवायला हातभार लावतात. इस्ट्रोजेन तर कुठे शमवतं, कुठे चेतवतं.

(पडद्यावर: सूक्ष्मदर्शकाखाली मायक्रोग्लिया पेशी)

नर-मादींत हार्मोनांचं प्रमाण वेगळं, मग वेदनेची वाटही वेगळी असते का? २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी उंदरांच्या मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लिया पेशींचं, म्हणजे तिथल्या रोगप्रतिकारक पेशींचं, काम रोखलं. नरांची वेदना कमी झाली. माद्यांची मात्र तशीच राहिली, कारण त्यांच्यात वेदना पेटती ठेवण्याचं काम बहुधा टी पेशी (दुसऱ्या एका जातीच्या रोगप्रतिकारक पेशी) करत होत्या. आणि वेदनेवरचे बहुतेक प्रयोग कित्येक दशकं नर प्राण्यांवरच होत आले! दीर्घकाळ दुखणं सोसणाऱ्यांत बायका जास्त असताना.

म्हणून दुखण्याची वही ठेवत असाल, तर त्यात पाळीची तारीख लिहा, रजोनिवृत्ती लिहा, चालू असलेल्या हार्मोनच्या आणि स्टेरॉइडच्या गोळ्याही लिहा. त्या गोळ्या मनाने सुरू करू नका, एकाएकी बंदही करू नका. वही डॉक्टरांसमोर उघडा आणि कपडा घासला की नेमकं काय होतं, ते सगळं सांगा.