पाऊस यायच्या आत

नमस्कार. आजच्या विषयाचं नाव पत्रिकेत भारदस्त छापलंय, आपत्तीतला सांस्कृतिक वारसा आणि आंतरराष्ट्रीय कार्य. मी मात्र सुरुवात एका वहीपासून करणार आहे.

ऑगस्ट 2019. कृष्णेचा पूर ओसरला होता आणि काठावरच्या एका जुन्या वाचनालयात मी मदतीला गेले होते. भिजून फुगलेली पुस्तकं कपाटांत इतकी घट्ट बसली होती की एखादं ओढायला जावं तर पुठ्ठा हातात यायचा आणि पानं आतच राहायची. गाळाचा वास डोक्यात भिनलेला. कॉलेजची मुलं जीव तोडून काम करत होती, पण पुस्तकं भर उन्हात पसरत होती. कडक उन्हात कागद वेडावाकडा होतो, बांधणी उसवते. सावलीत, वाऱ्यावर वाळवायचं, पानांमध्ये टीपकागद घालायचा, तो बदलत राहायचा. आणि हे सगळं दोन-तीन दिवसांत, कारण त्यानंतर बुरशी धरते.

हजारो पुस्तकं आणि हाताशी आठ-दहा माणसं. मी ग्रंथपालकाकांना विचारलं, "आधी कुठली काढायची? दुसरीकडे न मिळणारी कुठली?" ते म्हणाले, "दाखल नोंदवही बघून सांगतो," आणि टेबलाकडे वळता वळता थांबले. वही टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात होती. खण उघडला तर आत लगदा. मग ते खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि एकेक कपाट आठवून सांगू लागले. "डावीकडचं तिसरं, वरून दुसरा कप्पा, तिथे हस्तलिखित नाटकं." मी लिहून घेत होते. त्या दिवशी जे वाचलं, ते त्यांच्या आठवणीमुळे वाचलं.

त्याआधी काही वर्षं मी एका आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात समन्वयाचं काम केलं होतं. प्रशिक्षणं घ्यायची, तातडीच्या मदतीचे अर्ज बघायचे, पैसे पोहोचवायचे. काम मुख्यतः फोनवरचं आणि कागदावरचं. देश बदलायचा, आपत्ती बदलायची, पण काकांना विचारलेला प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारावा लागायचा आणि बहुतेक वेळा उत्तर असंच कुणाच्या तरी डोक्यातून काढावं लागायचं.

या कामाची चौकट थोडक्यात सांगते. युद्धात वारसास्थळांवर हल्ला करू नये, यासाठीचा हेग करार 1954 चा. भारताने तो 1958 मध्ये मान्य केला. संरक्षित वारशावर लावायचं निळ्या-पांढऱ्या ढालीचं चिन्ह त्यातूनच आलं. रोममधली इक्रोम ही संस्था जतनाचं शिक्षण देते आणि आपत्तीतल्या 'प्रथमोपचारा'चंही. ती स्थापन करायचं युनेस्कोच्या ज्या अधिवेशनात ठरलं, ते 1956 मध्ये आपल्या दिल्लीत भरलं होतं, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. 2003 मध्ये बगदादचं संग्रहालय लुटलं गेलं. त्यानंतर नेदरलँड्सच्या प्रिन्स क्लॉस फंडाने छोट्या रकमा झटपट देणारा तातडीचा निधी सुरू केला. 2017 मध्ये जिनिव्हात वारशाच्या रक्षणाला पैसा देणारी आलिफ ही संस्था उभी राहिली, ती मुख्यतः युद्धग्रस्त भागांसाठी. म्हणजे करार आहेत, संस्था आहेत, पैसाही आहे. अडतं ते पुढे.

नेपाळचं उदाहरण घेऊ. 25 एप्रिल 2015, शनिवार, दुपारी बाराला चार मिनिटं कमी. 7.8 तीव्रतेचा भूकंप. जवळजवळ नऊ हजार माणसं गेली. काठमांडू ज्या लाकडी मंडपावरून नाव घेऊन उभं आहे, तो काष्ठमंडप कोसळला. आत त्या वेळी रक्तदान शिबिर चालू होतं. काठमांडूशेजारच्या पाटण शहरात, तिथल्या दरबार चौकातली चारनारायण आणि हरिशंकर ही मंदिरं पत्त्यांसारखी खाली आली.

आता व्यवस्थापकाच्या नजरेने कॅलेंडर बघा. एप्रिल संपतोय. जूनच्या मध्याला पाऊस. मधे सात आठवडे, त्यातही 12 मे रोजी 7.3 चा दुसरा धक्का. ढिगाऱ्यात नक्षीदार टुंडाळं पडलेली. टुंडाळ म्हणजे छपराला तिरका आधार देणारं लाकूड, त्यावर देवदेवतांचं कोरीव काम. काही तीन-चार शतकं जुनी. भिजली की कुजणार, उघड्यावर राहिली की चोरीला जाणार, आणि रस्ता मोकळा करायला यंत्रं आली की विटांबरोबर चिरडली जाणार. काष्ठमंडपाच्या ढिगाऱ्यावर खरोखरच यंत्रं चालली. त्याची हळहळ नेपाळी जाणकार आजही व्यक्त करतात.

पाटणला वेगळं घडलं. स्थानिक रहिवासी, तिथे वर्षानुवर्षं काम करणारी जतनसंस्था, पोलीस आणि सैनिक यांनी हातोहात लाकडं संग्रहालयाच्या आवारात नेली. कुठलं लाकूड कुठल्या मंदिराचं, हे सांगणारे सुतार तिथेच होते. जुनी मोजमापं, छायाचित्रं हाताशी होती. नंतर मी ते आवार पाहिलं. लाकडं रांगेने मांडलेली, प्रत्येकाला चिठ्ठी, कोपरापासून हात तुटलेल्या एका देवीशेजारी तिचाच हात, त्याच नंबराचा. दोन्हींवर एकच नंबर घालणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार केला. बाहेरचा एकही तज्ज्ञ विमानतळावर उतरायच्या आत यातलं बरंच काम सुरू झालं होतं.

मग आमच्यासारख्यांनी करायचं काय? ताडपत्र्या, बांबू, टेकू द्यायला लोखंडी नळ्या, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, रात्रीच्या पहारेकऱ्यांचा पगार, पाण्याने न पुसली जाणारी खडू-पेन्सिल. यादी इतकी साधी असते की देणगीदारांना सांगताना पंचाईत होते. त्यांना जगप्रसिद्ध मंदिराच्या शिखराची पुनर्बांधणी हवी असते, त्यावर फलक लावता येतो. ताडपत्रीवर फलक लागत नाही. पण पावसाच्या आत पोहोचलेली ताडपत्री ही दोन वर्षांनी आलेल्या मोठ्या निधीपेक्षा जास्त वारसा वाचवते, हे मी अनुभवाने सांगते. आमच्याच कार्यक्रमात एक अर्ज सह्यांसाठी पाच आठवडे या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. मंजुरीचं पत्र गेलं, तेव्हा ज्या खोलीच्या छपरासाठी पैसे मागितले होते, ती खोली उरली नव्हती. ते पत्र मी टाईप केलं होतं.

एक प्रश्न नेहमी येतो आणि तो योग्यच आहे. माणसं ढिगाऱ्याखाली असताना लाकडं कसली गोळा करता? माणसं आधी, यात दुमत नाही. बचावपथक परवानगी देत नाही तोवर आम्ही आत पाऊल टाकत नाही. पण पाटणचंच पुढचं ऐका. आपल्या नवनाथांत ज्यांचं नाव आपण घेतो, ते मच्छिंद्रनाथ तिथले पावसाचे दैवत. दरवर्षी रथ निघतो, आणि बारा वर्षांतून एकदा तो बुंगमती गावातून पाटणला ओढत आणतात. 2015 हे नेमकं ते बारावं वर्ष. भूकंप झाला तेव्हा रथ वाटेत होता. बुंगमतीचं मंदिर पडलं, गावातली घरं पडली, लोक तंबूत राहत होते. आणि त्याच लोकांनी काही महिन्यांनी तो रथ पुन्हा बांधून ओढला. पोट भरल्यावर माणूस संस्कृतीकडे वळतो, हे गणित मला तेव्हापासून पटत नाही.

दुसरं उदाहरण पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातल्या तिंबुक्तू शहराचं. 2012 मध्ये सशस्त्र गटांनी शहर घेतलं, सुफी संतांच्या कबरी फोडल्या. तिथली हस्तलिखितं मोठ्या प्रमाणावर घराघरांत, पिढीजात सांभाळलेली. अब्दुल कादर हैदरा या ग्रंथपालाने आणि त्या घराण्यांनी ती पत्र्याच्या ट्रंकांत भरून रात्री-अपरात्री गाड्यांनी आणि नायजर नदीतून होड्यांनी दक्षिणेला, राजधानी बामाकोकडे हलवली. बाहेरून पैसे आले, प्रिन्स क्लॉस फंडानेही दिले. पण ट्रंका, गाडीवान, नावाडी, रस्ता, वेळ, सगळं त्यांनीच ठरवलं. आता हिशेब तपासनिसाच्या जागी बसून बघा. नावाड्याची पावती कुठून आणणार? त्याचं नाव कागदावर आलं तर त्याच्या जिवाला धोका. अशा वेळी भरवसा हाच दस्तऐवज, आणि तो आपत्तीच्या दिवशी तयार होत नाही. आधीची ओळख लागते, पाच-दहा वर्षांची. म्हणून प्रशिक्षणवर्गात आम्ही एकत्र जेवण्याला तासाइतकंच महत्त्व द्यायचो.

बामाकोत नवीनच संकट निघालं. वाळवंटातल्या कोरड्या हवेत शतकं काढलेल्या कागदाला तिथली दमट हवा सोसेना. हलवलं की वाचलं, असं नसतं.

पुनर्बांधणीबद्दल एवढंच सांगते. काष्ठमंडप उभा करायला कमीत कमी दराच्या निविदेने ठेकेदार नेमायला शहरातल्या लोकांनी विरोध केला, स्वतःची समिती मागितली आणि मिळवली. दरम्यान पायाचं उत्खनन झालं. मंडप बाराव्या शतकाचा मानला जायचा, पाया त्याहून पाचेकशे वर्षं जुना निघाला, आणि भक्कम. घाईने काँक्रीट ओतलं असतं तर हे कळलंच नसतं. 2022 मध्ये मंडप पूर्ण झाला. वेळ लागला, वाद झाले. मला तो वेळ सत्कारणी लागला असं वाटतं.

मधल्या काळात एका चिठ्ठीवर प्रश्न आलाय, की आमच्या संस्थेत चारशे पोथ्या आहेत, सुरुवात कशाने करू? यादीने. पोथी, विषय, कपाट, कप्पा. दहा सर्वांत मोलाच्या पोथ्यांवर खूण. कुलपाची किल्ली कुणाकडे, आणि ते गावाला गेले तर कुणाकडे. यादीची एक प्रत इमारतीबाहेर, दुसऱ्या पेठेत, उंचावर. कृष्णाकाठच्या काकांनी नवी दाखल वही हाताने लिहायला घेतली, तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते. तिची झेरॉक्स त्यांनी मुलीकडे मिरजेला ठेवली आहे.

आता दिवे थोडे कमी करता का? पाटणची छायाचित्रं आणली आहेत. पहिलं त्या तुटलेल्या हाताचं आहे.