शेततळ्यातल्या माशाला किती घालायचं?

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

शेततळ्यात मासे सोडले की पहिला प्रश्न येतो, खाद्य कोणतं घालू? मी उलट विचारतो, मासे किती सोडलेत? माझ्या ३० बाय ३० मीटरच्या तळ्यात पहिल्या वर्षी मी ३,००० बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, सोडली. दहा महिन्यांनी जाळं ओढलं, तर मासे तळहाताएवढेच. पेंड चांगली होती, खाणारी तोंडंच फार झाली होती. तेवढ्या तळ्यात आता मी कटला, रोहू, मृगळ मिळून ५०० सोडतो. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. त्यामुळे एकाचा घास दुसरा फारसा हिसकावत नाही.

महिन्यातून एकदा वीस-पंचवीस मासे धरून पाण्याच्या बादलीत तोला. सरासरी १०० ग्रॅम भरली, तर ५०० माशांचे झाले ५० किलो. त्याच्या ३ टक्के, म्हणजे रोज दीड किलो खाद्य. मासा अर्ध्या किलोचा झाला की टक्का दोनच्या आत आणा.

शेंगदाणा पेंड रात्री भिजत घाला. सकाळी तेवढाच भाताचा कोंडा घालून घट्ट गोळे वळा. पण ते पाण्यात भिरकावू नका, हा माझा आग्रहच आहे. घमेल्याला तीन बाजूंनी दोरी बांधा, त्यात गोळे ठेवा आणि रोज त्याच जागी, त्याच वेळी हातभर खोल सोडा. दोन तासांनी वर ओढा. घमेलं लख्ख असेल तर उद्या मूठभर वाढवा. काठाला पेंड चिकटून राहिली असेल तर तेवढी कमी करा.

उरलेलं खाद्य तळाशी कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू संपवतं. पहाटे तळ्यावर चक्कर मारा. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील तर ते भुकेले नाहीत, गुदमरतायत. लोक मायेपोटी अशा वेळी आणखी पेंड टाकतात. कृपा करून टाकू नका. त्या दिवशी खाद्य बंद ठेवा, पंप लावा आणि तळ्याचंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात पडू द्या. आभाळ भरलेलं असेल तेव्हाही हात आखडता घ्या. थंडीत पाणी गार पडलं की मासा स्वतःच कमी खातो.

आणि घमेल्याजवळ एक वही ठेवा. तारीख, सरासरी वजन, घातलेलं खाद्य. पुढच्या महिन्यात जाळं ओढाल तेव्हा ती उघडून बघा.

नमस्कार.