निरोप किती वेळात पोचायला हवा? ड्राइव्हसाठी फील्डबसची निवड

(जळगाव येथे कारखान्यांतील देखभाल कर्मचारी आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, आपल्या जळगावात पाइप बनतात, ठिबकच्या नळ्या बनतात, चटया विणल्या जातात, डाळ भरडली जाते. यातल्या बऱ्याच पॅनेलमध्ये अजूनही प्रत्येक ड्राइव्हला, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या उपकरणाला, चालू-बंदची एक वायर, उलट फिरवायची दुसरी, वेगासाठी ४ ते २० मिलीअँपची जोडी आणि फॉल्टचा रिले असा पसारा असतो. दहा ड्राइव्ह झाले की ट्रे भरला. एवढं करून ड्राइव्ह कशामुळे ट्रिप झाला, हे पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला, कळत नाहीच. फील्डबस असली की एकाच केबलवरून हुकूम जातो आणि करंट, वेग, फॉल्टचा कोड परत येतो.

बस कोणती घ्यावी, असं कुणी विचारलं की मी आधी एक प्रश्न करतो: निरोप अर्धा सेकंद उशिरा पोचला तर तुमच्या मालाचं काय होईल? कॅटलॉग नंतर उघडा.

मॉडबस या फील्डबसचाच हिशेब मांडू. मॉडिकॉन कंपनीने तो १९७९ मध्ये आणला, आणि आज साध्या ड्राइव्हवरही त्याचं आरएस-४८५ पोर्ट (तारांच्या जोडीवरची जोडणी) सहसा मिळतं. वेग लिहिण्याची फ्रेम, म्हणजे एक निरोप, ८ बाइटची, उत्तरही ८ बाइटचं. ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट), बाइटला ११ बिट धरून, एका फ्रेमला ९ मिलीसेकंदांहून थोडा जास्त वेळ. दोन फ्रेमच्या मधली सक्तीची शांतता आणि ड्राइव्हला उत्तर द्यायला लागणारा वेळ मिळवला की एक देवाणघेवाण साधारण ३० मिलीसेकंदांची. मास्टर, म्हणजे विचारणारा पीएलसी, एका वेळी एकालाच विचारतो. दहा ड्राइव्ह, प्रत्येकाला एकदा लिहायचं, एकदा वाचायचं: फेरीला ०.६ सेकंद.

पंप, पंखा, डाळमिलचा एलिव्हेटर यांना हे पुष्कळ झालं. तिथे महागडी बस लावणं मला पटत नाही. पण विणलेल्या पोत्यांची पट्टी ओढणारी लाइन घ्या. गरम पट्टी दोन रोलर-संचांच्या वेगातल्या फरकाने ताणली जाते. वेग वाढवताना एकाला निरोप आधी आणि दुसऱ्याला अर्ध्या सेकंदाने गेला, तर पट्टी तुटलीच म्हणून समजा. तिथे इथरनेटवरची बस हवी. पीएलसी सीमेन्सचा असेल तर प्रॉफिनेट, रॉकवेलचा असेल तर इथरनेट/आयपी. यात फार डोकं घालू नका. सर्व्हो (जागा अचूक धरणाऱ्या मोटरी) असतील तर बेकहॉफने २००३ मध्ये आणलेली इथरकॅट. तिची फ्रेम पुढे सरकत असतानाच प्रत्येक ड्राइव्ह आपला डेटा उचलतो, आपला भरतो, त्यामुळे फेरी एका मिलीसेकंदाच्या आत बसते. जुन्या मशीनवर प्रॉफिबस ही आधीच्या पिढीची बस असेल तर ती उखडू नका. फक्त १२ मेगाबिटचा वेग हवा असेल तर केबल १०० मीटरच्या आत ठेवा.

आता वायरिंग, कारण मॉडबस बहुतेक वेळा इथेच बदनाम होतो. पिळाची, शिल्डची केबल एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर अशी ओळीने न्या, फाटे फोडू नका. १२० ओहमचा रेझिस्टर फक्त दोन टोकांना. रात्रपाळीला शंका आली तर सगळ्यांची पॉवर बंद करून ए आणि बी या दोन तारांमध्ये मल्टीमीटर लावा. साधारण ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एका टोकाचा रेझिस्टर नाही किंवा केबल कुठेतरी तुटली आहे; ४० दिसले तर मधल्या एखाद्या ड्राइव्हवर कुणीतरी तिसरा चालू केला आहे. काही कंपन्यांची ए-बी अक्षरं उलटी असतात, म्हणून उत्तर येत नसेल तर तारा अदलून बघा. मॅन्युअलमधला रजिस्टरचा (ड्राइव्हमधल्या डेटाच्या खणाचा) नंबर आणि प्रोग्राममधला नंबर यांत बऱ्याचदा एकाचा फरक असतो, तोही तपासा. आणि मोटरची केबल या केबलला चिकटून नेऊ नका; ड्राइव्हच्या स्विचिंगचा सगळा गोंधळ तिच्यातून वाहतो.

केबल तुटली तर ड्राइव्हने काय करायचं, हे पॅरामीटरमध्ये ठरवावं लागतं. बऱ्याच ड्राइव्हमध्ये निरोप येतात की नाही ही देखरेख मुळात बंदच असते, म्हणजे निरोप थांबले तरी मोटर शेवटच्या वेगाने फिरत राहते. पाण्याच्या पंपाला ते चालेल. कन्व्हेयरला टाइमआउट (निरोपाची वाट पाहायची मुदत) द्या आणि थांबणं निवडा.

इथे एका भाऊंनी विचारलं, इमर्जन्सी स्टॉपही बसवरूनच दिला तर? मॉडबसवरून कधीही नाही. त्या लाल बटणाची वायर सेफ्टी रिलेमधून थेट ड्राइव्हच्या एसटीओ टर्मिनलला (मोटरचा जोर तोडणाऱ्या सुरक्षा टर्मिनलला) न्या. सुरक्षेची प्रमाणित बस वेगळी असते. ती तुमच्या पीएलसी आणि ड्राइव्ह दोन्हींत असेल तरच तिचा विचार करा.