राइडवर पोट का ढवळतं आणि त्यावर काय करता येतं

नमस्कार. आजचा विषय आहे थीम पार्कमधल्या राइड्सवर होणारी मळमळ. सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. राइडवरून उतरून ज्याला उलटी होते तो भित्रा आणि ज्याला काहीच होत नाही तो धीट, असं अजिबात नसतं. भीती वाटली की छाती धडधडते, तळहातांना घाम फुटतो, आणि राइड थांबली की थोड्या वेळात सगळं ओसरतं. मळमळीचं तसं नाही. ती राइड थांबल्यावरही वाढू शकते, आणि पुढचे काही तास साध्या हिसक्यानेही पुन्हा उसळते. त्यामुळे एखाद्याला "हिंमत कर, काही होत नाही" असं म्हणून परत रांगेत उभं करणं, यासारखा वाईट सल्ला नाही.

मळमळीचं मूळ कानाच्या आत आहे. प्रत्येक कानात खोलवर तीन अर्धवर्तुळाकार नळ्या एकमेकींशी साधारण काटकोनात बसवलेल्या असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. डोकं वळलं की नळी लगेच वळते, द्रव मात्र जरा मागे राहतो, आणि त्या फरकाने आतल्या रोमपेशींवरचे बारीक केस वाकतात. मेंदूला वळणं कळतं ते असं. शेजारीच दोन लहान पिशव्या असतात. त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. पुढे-मागे, वर-खाली वेग बदलला किंवा डोकं कललं की ते सरकतात. संतुलनाच्या या अवयवावरच्या संशोधनासाठी रॉबर्ट बारानी यांना 1914 सालचं नोबेल पारितोषिक मिळालं.

मेंदू कानाकडून आलेली बातमी डोळ्यांशी आणि स्नायूंशी सतत ताडून बघतो. तिन्हींचं जुळलं तर सगळं ठीक. कान म्हणतो "फिरतोय" आणि डोळा म्हणतो "स्थिर आहे", किंवा याच्या उलट, अशी विसंगती टिकली की पोट ढवळायला लागतं. आतला कान यात किती महत्त्वाचा आहे बघा: ज्यांचं कानातलं संतुलन पूर्णपणे निकामी झालेलं असतं, त्यांना गाडी लागत नाही, बोट लागत नाही, राइडही लागत नाही. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1882 मध्येच नोंदवलं होतं की अनेक कर्णबधिर माणसांना गरगर फिरवलं तरी घेरी येत नाही.

उलट बाजूचा पुरावा तर थेट जत्रेतलाच आहे. 1894 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात एक झुला होता. खोलीच्या मधोमध टांगलेल्या झुल्यात माणसं बसायची. झुला हळूहळू मोठे झोके घेऊ लागायचा आणि शेवटी पूर्ण गोल उलटायचा, असं त्यांना वाटायचं. प्रत्यक्षात झुला जवळजवळ जागीच असायचा. फिरायची ती आजूबाजूची खोली, तिच्यातल्या खिळवून टाकलेल्या सामानासकट. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी 1895 मध्ये त्याचं वर्णन लिहिलं, आणि त्यात काही लोकांना खरोखर मळमळल्याची नोंद आहे. शरीर हललंही नव्हतं.

आता आजचा मुख्य मुद्दा. राइडची उंची आणि वेग बघून मळमळीचा अंदाज करू नका. ती डोकं कशी फिरवते, किती वेळ फिरवते आणि तेव्हा डोळ्यांना काय दिसतं, हे बघा. "डोळे मिटा" किंवा "डोळे उघडे ठेवा" हा सल्ला सरसकट देता येत नाही, तो राइडवर अवलंबून असतो.

रोलर कोस्टरपासून सुरुवात करू, कारण भीती त्याचीच जास्त. पण मळमळीच्या दृष्टीने साधा कोस्टर बऱ्याच जणांना सोसतो. राइड सहसा दोन-तीन मिनिटांत संपते, चेहरा जायच्या दिशेला असतो, आणि रूळ समोर दिसत असल्याने पुढचं वळण मेंदूला आधीच कळतं. म्हणून इथे डोळे उघडे ठेवा आणि नजर दूर, रूळ जिकडे वळतोय तिकडे ठेवा. डोळे मिटले की हाच फायदा हातचा जातो. मळमळीची धास्ती असेल तर मागचे डबे टाळा. उतारावर मागच्या डब्यांना माथ्यावरून जोरात खेचलं जातं. मधल्या रांगा तुलनेने सौम्य असतात, आणि पहिल्या रांगेतून समोरचं सगळं दिसतं. डोकं पाठीमागच्या उशीला टेकवून ठेवा, मान सैल सोडू नका. अंधारात धावणारे, उलटे धावणारे किंवा ज्यांची खुर्ची स्वतःभोवतीही फिरते असे कोस्टर मात्र वेगळ्या वर्गातले. तिथे पुढचा अंदाज येत नाही.

खरा त्रास गरगरणाऱ्या राइड्सचा. फिरत्या कपांची राइड लहान मुलांची म्हणून ओळखली जाते, आणि घरातल्या मोठ्यांना तीच सगळ्यात जास्त लागते. तिची रचना नीट बघा. एक मोठा चौथरा फिरतो. त्यावर लहान चकत्या वेगळ्या फिरतात. चकतीवरचा कप तिसऱ्यांदा स्वतःभोवती फिरतो. कपाच्या मधलं चाक बहुतेक ठिकाणी खालच्या चकतीला पक्कं बसवलेलं असतं. आपण ते ओढतो तेव्हा खरं तर कप फिरतो. म्हणून पहिला नियम: चाकाला हात लावू नका, आणि ते जोरात ओढणाऱ्या उत्साही माणसाच्या कपात बसू नका. दुसरा नियम: त्या चाकाकडे बघू नका, कारण तुमच्या नजरेला ते सतत फिरताना दिसतं. बाहेरच्या गर्दीकडेही नको. समोर बसलेल्याचा चेहरा किंवा कपाचा काठ बघा. तो तुमच्याबरोबरच फिरतो, त्यामुळे नजर एका जागी टिकते आणि डोळ्यांची नकळत होणारी थरथर आवरते.

तिसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त मोडला जाणारा: फिरताना मान वाकवायची नाही. एकसारखं फिरणं अर्धा मिनिट चाललं की कानातला द्रव नळीच्या वेगाला येतो आणि फिरल्याची जाणीव मंदावते. अशा वेळी तुम्ही खाली पडलेली टोपी घ्यायला वाकलात किंवा डोकं खांद्यावर टाकलंत, तर एक नळी फिरण्याच्या पातळीतून बाहेर जाते आणि दुसरी आत येते. मेंदूला वाटतं आपण भलत्याच दिशेने कोलांटी घेतोय. डोळ्यांना त्यातलं काही दिसत नाही. प्रयोगशाळेत मुद्दाम मळमळ आणायची असते तेव्हा फिरत्या खुर्चीवर बसवून नेमकं हेच करायला सांगतात. त्यामुळे डोकं पाठीला टेकवा आणि राइड थांबेपर्यंत तिथेच ठेवा. काही पडलं तर नंतर उचला. सुट्या वस्तू बसण्याआधीच बाहेर ठेवा.

राइड थांबली तरी कानातलं फिरणं थांबलेलं नसतं. बादलीतलं पाणी ढवळून हात बाहेर काढला तरी पाणी फिरतच राहतं, तसंच काहीसं. पंधरा-वीस सेकंद, कधी त्याहून जास्त, आपण उलट दिशेने फिरतोय असं वाटतं. त्या वेळी ताडकन उठणारे धडपडतात. दांडी धरून बसून राहा, दूरचा खांब किंवा इमारत अशा स्थिर वस्तूवर नजर रोखा, आणि गरगर विरल्यावर उठा. मागची रांग घाई करत असेल तर करू द्या.

जहाजासारखा मोठा झोपाळा हा तिसरा प्रकार. समुद्रावरच्या मळमळीचे जे प्रयोग 1974 मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत माणसांना यंत्राने वर-खाली हलवलं होतं. दर पाच सेकंदांना साधारण एक हेलकावा, म्हणजे सुमारे 0.2 हर्ट्झ, या लयीला सर्वाधिक लोकांना त्रास झाला. आता 12 मीटर लांबीच्या झोक्याचं गणित करा. एक पूर्ण झोका सुमारे सात सेकंदांचा येतो, म्हणजे त्या वाईट लयीच्या अगदी जवळ. वर एकाच लयीत मिनिटामागून मिनिट चालू. हे जहाज अनेकांना कोस्टरपेक्षा जास्त का लागतं, याचं उत्तर इथे आहे. टोकाच्या जागा सर्वाधिक वर-खाली जातात, म्हणून मधल्या रांगेत बसा. नजर जहाजाच्या तळाकडे नको, बाहेर क्षितिजावर ठेवा.

चौथा प्रकार म्हणजे पडद्यासमोर हलणाऱ्या खुर्च्या आणि डोळ्यांवर चढवायचे आभासी चष्मे. इथे सल्ला बरोबर उलटा होतो. डोळ्यांना वेगाने उडाल्याचं दिसतं आणि शरीर जवळपास जागच्या जागी असतं, त्यामुळे त्रास डोळ्यांतून येतो. डोळे मिटले की तो बराच कमी होतो. मिटायचे नसतील तर पडद्याच्या कडेबाहेर, दरवाज्यावरच्या दिव्यासारख्या स्थिर गोष्टीकडे बघा. मागच्या रांगेत पडदा नजरेचा कमी भाग व्यापतो, ती जागा मागून घ्या. आकाशपाळण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तो हळू फिरतो आणि तिथे उंचीची भीतीच जास्त असते.

आता तयारी. आदल्या रात्री झोप पूर्ण हवी. कमी झोप, ऊन आणि अंगातलं पाणी कमी होणं, या तिन्हींनी त्रास वाढतो. जायच्या एक-दोन तास आधी हलकं खा. रिकाम्या पोटीही मळमळतं आणि तुडुंब भरल्यावरही. तेलकट, तिखट, फसफसणारी पेयं आणि दारू नको. पाणी घोटघोट प्या. राइडचा क्रम आधी ठरवा: गरगरणाऱ्या राइड्स लागोपाठ घेऊ नका, प्रत्येकीनंतर वीस-तीस मिनिटं सावलीत काढा, आणि जेवणानंतर पहिली राइड फिरणारी नको. मळमळ साठत जाते. तिसऱ्या राइडवर उलटी झाली तरी दोष पहिल्या दोघींचाही असतो.

औषधांबाबत लोक वेळेची चूक सर्वाधिक करतात. मळमळ सुरू झाली की जठराची हालचाल मंदावते आणि गोळी पोटातच पडून राहते. त्यामुळे गोळी आधीच घ्यायची. मेक्लिझिन प्रौढांना 25 ते 50 मिलिग्रॅम, राइडच्या एक तास आधी. सिनारिझिन 30 मिलिग्रॅम, दोन तास आधी. स्कोपोलामिनची पट्टी कानामागे किमान चार तास आधी लावतात आणि ती तीन दिवस चालते. ती हाताळल्यावर हात धुवायलाच हवेत. बोट डोळ्याला लागलं तर बाहुली मोठी होऊन दिसणं धूसर होतं. ती लावली की घामही कमी येतो, म्हणून कडक उन्हाच्या दिवशी जास्त सांभाळा. काचबिंदू किंवा लघवी अडण्याचा त्रास असणाऱ्यांनी आणि मुलांसाठी ती नको. या सगळ्यांनी झोप येते, तेव्हा परतीचं वाहन दुसऱ्याने चालवावं. गर्भवती स्त्रियांनी, इतर औषधं चालू असणाऱ्यांनी आणि मुलांसाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही घेऊ नये. सर्दीसाठीच्या झोप न आणणाऱ्या गोळ्या इथे कामाच्या नाहीत, कारण त्या मेंदूपर्यंत फारशा पोचतच नाहीत.

आलं आणि मनगटावर दाब देणारा पट्टा यांबद्दल पुरावा संमिश्र आहे. सुमारे एक ग्रॅम सुंठ काहींना उपयोगी पडते आणि बहुतेकांना तिचा अपाय नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी विचारा. माझा कल मात्र श्वासाकडे आहे. नाकाने सावकाश श्वास घ्या, त्याहून लांब सोडा, आणि लक्ष मोजण्यावर ठेवा. अशा संथ श्वासाने मळमळ उशिरा सुरू होते, हे प्रयोगांत दिसलं आहे, आणि त्याला खर्चही नाही.

एक चिठ्ठी आली आहे: "मुलं म्हणतात आणखी एकदा, तेव्हा कधी थांबवायचं?" दोन वर्षांखालच्या मुलांना हा त्रास क्वचितच होतो. तो वाढत जाऊन नऊ-दहा वर्षांच्या सुमारास सर्वाधिक असतो. या वयाची मुलं "मळमळतंय" म्हणत नाहीत, गप्प होतात. सारख्या जांभया, ओठांभोवती पांढुरकेपणा, कपाळावर गार घाम, तोंडात लाळ सुटणं, ढेकरा. यांतली दोन लक्षणं दिसली की पुढची राइड रद्द. मूल चिडलं तरी ऐकायचं नाही.

दुसरी चिठ्ठी: "राइड चालू असतानाच उलटी येतेय असं वाटलं तर?" सुरक्षापट्टा सोडायचा प्रयत्न कधीच करू नका, जीवाला धोका आहे. पिशवी बसायच्या आधीच खिशात ठेवा, हाताला लगेच लागेल अशी. डोकं टेकवून ठेवा, श्वास लांब सोडा, आणि आलीच तर हनुवटी छातीकडे घेऊन पिशवीत काढा. थांबल्यावर कर्मचाऱ्याला सांगा, त्यांना आसन धुवावं लागतं आणि ते याला सरावलेले असतात. मग सावलीत बसून पाय जमिनीवर टेकवा आणि दूर बघा. मोबाइल बाजूला ठेवा. अर्ध्या तासाने दर पाच मिनिटांनी चमचा-दोन चमचे पाणी, ते टिकलं तर हळूहळू वाढवा. त्या दिवशी पुन्हा फिरणारी राइड घेऊ नका. चक्कर दुसऱ्या दिवशीही टिकली, एका कानाने कमी ऐकू येऊ लागलं, मान किंवा डोकं तीव्र दुखू लागलं, बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळे वाटले, तर ती राइडची मळमळ समजू नका. थेट डॉक्टरांकडे जा.