कातळ लागेपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

वाशी, सानपाडा, ऐरोली या भागात खाडीच्या बाजूला राहणाऱ्यांना पायलिंगचा, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल भोकं पाडून त्यात काँक्रीटचे खांब (पाइल) भरण्याच्या कामाचा, आवाज नवा नाही. टॉवर वर चढायला लागण्याआधी बराच काळ नुसती भोकंच पाडत असतात. पत्र्याच्या कुंपणाबाहेरून जाणाऱ्याला वाटतं, इथे काम काही पुढे सरकत नाही. खाडीकाठी वर भराव असतो, त्याखाली काळसर मऊ चिखल आणि त्याच्याही खाली काळा कातळ. इमारतीचं ओझं चिखलावर टाकून भागत नाही, ते पाइलमधून थेट कातळापर्यंत पोहोचवावं लागतं.

येशूने डोंगरावरील प्रवचन संपवलं ते दोन घरांच्या दाखल्याने. एक घर खडकावर, एक वाळूवर. मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात तो ७व्या अध्यायात दिला आहे. लूकने सांगताना एक बारकावा जास्त टिपला आहे: खडकावर बांधणाऱ्याने खोल खणलं. आता हे नीट पाहा. येशूचं वचन दोघांनीही ऐकलं होतं. पूरही दोन्ही घरांवर आला; खडकावरचं टिकलं, वाळूवरचं पडलं. फरक एकच, खडकावरच्याने ऐकलं तसं केलं. विश्वास ठेवला की पूर येणारच नाही, असं या दाखल्यात कुठेही म्हटलेलं नाही, आणि तसं सांगून कुणाची समजूत घालणं मला चुकीचं वाटतं.

दीर्घायुष्याचंही तसंच. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकात ३ऱ्या अध्यायात ज्ञानाच्या उजव्या हातात दीर्घायुष्य आहे असं वर्णन येतं. ते सूत्र आहे, करारनामा नव्हे. ९०वं स्तोत्र आयुष्य सत्तर वर्षांचं धरतं, शक्ती असली तर ऐंशी, आणि लगेच देवाकडे मागतं की आम्हाला दिवस मोजायला शिकव. वर्षं नाही, दिवस. सत्तर वर्षांचे दिवस होतात साधारण साडेपंचवीस हजार. पंडिता रमाबाई १८५८ साली जन्मल्या आणि १९२२ साली गेल्या. सत्तरी त्यांना लाभली नाही. मुलगी मनोरमा त्यांच्या आदल्याच वर्षी वारली. तरीही हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्याचं काम त्यांनी हातावेगळं केलं, आणि केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे. टिकणारं आयुष्य म्हणायचं ते याला.

पुन्हा पायलिंगकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे. भोक खणताना बाजूची माती ढासळू नये म्हणून त्यात बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीचं पाणी भरून ठेवतात. कातळ लागला की आणखी थोडं कातळात शिरतात. मग येतो तळ साफ करण्याचा टप्पा, त्याला साइटवर फ्लशिंग म्हणतात. सळ्यांचा पिंजरा आत सोडल्यावर गाळ पुन्हा खाली बसलेला असतो, म्हणून काँक्रीटच्या आधी परत फ्लशिंग. त्यानंतर काँक्रीट ओतायची लांब नळी, म्हणजे ट्रेमी पाइप, तळापर्यंत नेऊन काँक्रीट खालून वर भरत आणतात. घाईत तळाचा गाळ राहिला, तर खोली पुरेशी असूनही पाइल गाळावरच टेकतो आणि वजन आलं की खचतो. वरून कुणाला दिसत नाही.

माणसात हा गाळ म्हणजे न मिटवलेला राग आणि न कबूल केलेली चूक. इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल सांगतो, सूर्य मावळायच्या आत राग सोडा. ठाण्यात डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या पुढे. त्या वेळी निम्मं ठाणं लोकलमध्ये असतं. म्हणून मर्यादा धरायची ती अंथरुणाला पाठ टेकण्याची. दिवसातली एकच गोष्ट घ्यायची, आपल्या वाट्याची चूक तेवढीच उचलायची आणि त्या माणसाला सांगायचं, ‘माझं चुकलं.’ त्यापुढे ‘पण’ आला की माफी संपली, वाद सुरू झाला. पैसे किंवा वस्तू द्यायची असेल तर कधी देणार तो दिवसही तेव्हाच सांगायचा. बहुतेकांचं इथे चुकतं ते असं की देवाकडे क्षमा मागून मोकळे होतात आणि भावाकडे जातच नाहीत. येशूने तर सांगितलं, अर्पण वेदीपाशी तसंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये.

नीतिसूत्रं पैशाबद्दल फार रोखठोक आहेत. जामीन राहू नको हे ६व्या, ११व्या, १७व्या आणि २२व्या अध्यायांत आलं आहे. पतपेढीच्या कर्जाला मित्र म्हणून सही करणारे आपल्याकडे कमी नाहीत. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. वसुली तुमच्याकडूनही होते. मदत करावीशी वाटली तर परत आली नाही तरी चालेल एवढी रक्कम सरळ हातात द्या. सही होऊन गेली असेल तर ६वा अध्याय म्हणतो, झोपू नकोस, जाऊन विनवणी कर. आजच्या भाषेत, शिल्लक कर्जाचा उतारा मागा, किती हप्ते थकले ते पाहा आणि कर्जदाराला सोबत घेऊन पतपेढीत जा. घरी पत्नीला किंवा पतीला सांगायचं राहिलं असेल, तर ते त्याच्याही आधी.

आईवडिलांचा मान राख, या आज्ञेला दीर्घायुष्याचं वचन जोडलेलं आहे. मान म्हणजे नुसतं पाया पडणं नव्हे. आईवडिलांसाठीचा पैसा ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेला, असं सांगून हात झटकणाऱ्यांना येशूने मार्कच्या ७व्या अध्यायात खडसावलं आहे. त्यांच्या दर महिन्याच्या औषधांचा पैसा दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, म्हणून चर्चला दिला, तर ते दान ठरत नाही.

आता वाचनाचं. नीतिसूत्रांचे अध्याय ३१ आहेत, म्हणून तारखेप्रमाणे रोज एक. महिना तीस दिवसांचा असेल तर शेवटच्या दिवशी दोन. सोबत स्तोत्रं रोज पाच वाचली की १५० स्तोत्रं तीस दिवसांत होतात. अडतं ते २४ तारखेला. त्या दिवशी ११९वं स्तोत्र येतं, १७६ ओव्यांचं, आणि पुष्कळांचा नेम तिथेच मोडतो. त्यात आठ-आठ ओव्यांची २२ कडवी आहेत. ते स्तोत्र त्या दिवसातून काढा आणि पहिल्या तारखेपासून रोज एक कडवं घ्या. २२ तारखेला ते पूर्ण झालेलं असेल, आणि २४ला उरतील फक्त चार छोटी स्तोत्रं.